पानाची पारख : संकेतस्थळांचे तपासनीस कसे निवडावेत व बसवावेत



आपणांपैकी बहुतेक जण ग्रंथालयांत, शाळांत किंवा लहान संस्थांत काम करणारे आहेत. पूर्वी जी कामे नोंदवहीत होत ती आता संस्थेच्या संकेतस्थळावर होऊ लागली आहेत, आणि त्यामुळे त्या स्थळाची पाने सांभाळण्याची जबाबदारी, इच्छा असो वा नसो, आपणांकडे आली आहे. आजचा विषय त्या पानांच्या तपासणीचा आहे. पान तयार करताना मजकुरात ज्या खुणा घातल्या जातात, म्हणजे ज्यांना मार्कअप म्हणतात, त्या बिनचूक आहेत की नाहीत हे सांगणारी साधने कोणती, त्यांतून आपल्या उपयोगाचे कोणते निवडावे आणि ते आपल्या संगणकावर कसे बसवावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. मला तो तसा का वाटत नाही, हे आधी सांगितलेले बरे.

काही वर्षांपूर्वी बेंगळूरुमधील एका वाचनालयाची पाने मी सांभाळीत असे. पुस्तकाची मुदत वाढवून घेण्यासाठी त्या पानांवर एक अर्ज होता. त्यात दोनच रकाने होते : सदस्य क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक. दुसरा रकाना मी पहिल्यावरून उतरवून घेतला. पडद्यावर दिसणारे नाव बदलले. परंतु रकान्याचे आतील ओळखनाव, ज्याला ‘आयडी’ म्हणतात, ते बदलावयाचे राहून गेले. एकाच ओळखनावाचे दोन रकाने तयार झाले आणि दोन्ही शीर्षके पहिल्याच रकान्याला जोडली गेली. डोळ्यांनी पाहणाऱ्याला यात काहीही वावगे दिसत नव्हते. शीर्षके आपापल्या जागी होती आणि रकाने त्यांच्या शेजारी होते. मी पान उघडून पाहिले, समाधानाने मान हलविली आणि ते प्रसिद्ध केले.

आमच्या सभासदांत एक अंध विद्यार्थी होता. तो संगणकाचा उपयोग स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या आधारे करीत असे. पहिल्या रकान्यावर आला की त्याला दोन्ही शीर्षके एकापाठोपाठ ऐकू येत. दुसऱ्यावर आला की येथे काही तरी लिहावयाचे आहे, एवढेच कळे. काय लिहावयाचे ते मात्र कळत नसे. त्याने अर्ज तीन वेळा भरला आणि तीनही वेळा ‘माहिती चुकीची आहे’ असे उत्तर त्याला मिळाले. मुदत उलटली, दंड लागला, आणि अखेर दोन बसगाड्या बदलून तो वाचनालयात आला. समोरच्या कर्मचाऱ्याने वहीत एक ओळ लिहिली आणि काम दोन मिनिटांत झाले. दंड माफ करण्यात आला. परंतु त्याने जाता जाता विचारलेला प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. तो म्हणाला, “सर, हे पान कोणी वाचून पाहिले होते का?”

पाहिले होते, वाचले नव्हते. पुढे एका तपासनीस साधनाला मी तेच पान दिले तेव्हा त्याने क्षणार्धात ओळीच्या क्रमांकासह सांगितले की, हे ओळखनाव या पानावर दोनदा आले आहे. जे काम यंत्र एका क्षणात करू शकत होते ते मी केले नाही आणि त्याची किंमत भलत्यानेच मोजली. आजचे व्याख्यान त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावयास हरकत नाही.

आता हे मार्कअप म्हणजे काय ते पाहू. हा शब्द मूळचा छापखान्यातला आहे. हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाण्यापूर्वी संपादक त्यावर पेन्सिलीने खुणा करीत असे : हे शीर्षक मोठ्या टाइपात, हा शब्द तिरप्या टाइपात, येथे नवा परिच्छेद. त्या खुणा वाचकासाठी नसत. त्या जुळाऱ्यासाठी असत. संगणक आल्यावर खुणांचे हे काम यंत्राला समजेल अशा रीतीने करण्याची गरज भासू लागली. १९६९ साली आय.बी.एम. कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अशी एक पद्धती रचली. तिच्यातूनच पुढे एस.जी.एम.एल. ही भाषा सिद्ध झाली व १९८६ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली. त्यानंतर पाने लिहिण्यासाठी त्यांनी जी सोपी भाषा तयार केली तिचे वळण याच घराण्यातले होते. तिलाच आपण एच.टी.एम.एल. म्हणतो.

या पद्धतीचा मूळ हेतू ध्यानात ठेवण्यासारखा आहे. खूण करावयाची ती वस्तू कशी दिसावी यासाठी नव्हे, तर ती वस्तू काय आहे हे सांगण्यासाठी. हे शीर्षक आहे, ही यादी आहे, हे या रकान्याचे नाव आहे. ग्रंथालयात काम करणाऱ्यांना हा विचार परका वाटू नये. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९६२ साली बेंगळूरुमध्ये प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. ग्रंथाची कोणती बाजू कोणत्या खुणेने दर्शवावी याचा त्यांच्याइतका सूक्ष्म विचार क्वचितच कोणी केला असेल. वर्गांक चुकला तर पुस्तक फडताळात असूनही वाचकाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच असते. पानावरील खुणांचेही असेच आहे. शब्द पानावर असतात, परंतु चुकीच्या खुणेमुळे ते कोणा एका वाचकापुरते हरवलेले असतात.

मग अशा चुका इतक्या सर्रास का राहतात? याचे कारण ब्राउझरच्या उदारपणात आहे. आरंभीच्या काळापासूनच ब्राउझर तयार करणाऱ्यांनी असे धोरण ठेवले की, लेखकाने चूक केली तरी पान नाकारावयाचे नाही. जमेल तसा अर्थ लावून ते दाखवावयाचे. घेताना सैल आणि देताना काटेकोर असावे, हा संगणकजालांच्या जगातील एक जुना दंडक आहे. जॉन पोस्टेल यांनी तो १९८० साली नमूद केला होता. त्यातील पहिला अर्धा भाग सर्वांनी उचलला, दुसरा मात्र विसरला गेला. खूण उघडली आणि बंद केली नाही, एकीत दुसरी चुकीची गुंतविली, ओळखनाव दोनदा दिले, तरी पान दिसतेच. पूर्वी निरनिराळे ब्राउझर अशा चुकांचा निरनिराळा अर्थ लावीत. एच.टी.एम.एल.च्या पाचव्या आवृत्तीला २०१४ साली मान्यता मिळाली. तिच्यात चुकांचा अर्थ सर्वांनी एकाच प्रकारे कसा लावावा हेही ठरवून देण्यात आले. त्यामुळे गोंधळ कमी झाला, यात शंका नाही. परंतु ब्राउझर चूक सावरून घेतो याचा अर्थ तो लेखकाचे मनोगत ओळखतो असा नव्हे. दुसरा रकाना दूरध्वनीचा होता हे त्याला कोण सांगणार?

या उदारपणाचा लाभ डोळस वाचकाला मिळतो. त्याचा तोटा ज्याला पान दिसत नाही, किंवा जो माउस वापरू शकत नाही, त्याच्या वाट्याला येतो. हा प्रश्न एखाद्या वाचनालयापुरता नाही. बेंगळूरु येथे २००८ साली स्थापन झालेल्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने २०१२ साली भारत सरकार व त्याच्याशी संलग्न संस्थांच्या ७,८०० संकेतस्थळांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १,९८५ स्थळे उघडलीच नाहीत, आणि उरलेल्या ५,८१५ स्थळांपैकी बहुतेकांवर कोणता ना कोणता अडथळा आढळून आला. परदेशांतील स्थिती फार वेगळी आहे असेही नाही. अमेरिकेतील यूटा राज्य विद्यापीठात असलेली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठांची यांत्रिक तपासणी करते. २०२५ साली त्यांपैकी ९४.८ टक्के पानांवर उघड दोष सापडले, आणि जवळजवळ निम्म्या पानांवर नाव नसलेले रकाने होते. म्हणजे माझी चूक ही सर्वांत नेहमीच्या चुकांपैकी एक होती.

कायद्याची स्थितीही आपणांस ठाऊक असावी. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ साली प्रसिद्ध झाली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली निघाली. या तत्त्वांनुसार स्थळाची परीक्षा करून प्रमाणपत्र देण्याचे काम एस.टी.क्यू.सी. हे संचालनालय करते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा ज्याला आपण कालपर्यंत सौजन्य समजत होतो ते आता कर्तव्य झाले आहे. तथापि प्रमाणपत्र मिळविण्यासाठी वर्षातून एकदा होणारी परीक्षा निराळी, आणि दररोज पान प्रसिद्ध करण्यापूर्वी घरच्या घरी होणारी तपासणी निराळी. मी दुसरीविषयी बोलत आहे.

बाजारात आणि बाजाराबाहेर मिळणारी साधने तीन जातींची असतात. त्यांची कामे वेगळी आहेत, आणि एकाचे काम दुसऱ्याकडून अपेक्षिल्यामुळेच पुष्कळांची निराशा होते.

पहिली जात व्याकरण तपासणाऱ्यांची. पानावरील प्रत्येक खूण भाषेच्या नियमांना धरून आहे की नाही, एवढेच ही साधने पाहतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने अशा तपासणीची सेवा १९९७ साली सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिली. आज या जातीतील सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे ‘न्यू एच.टी.एम.एल. चेकर’. त्याचा पाया फिनलंडचे हेन्री सिव्होनेन यांनी घातला. २००७ साली त्यांनी याच विषयावर पदव्युत्तर प्रबंध लिहिला होता. त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे व त्यास मोल पडत नाही.

दुसरी जात दुरुस्ती करणाऱ्यांची. डेव्ह रॅगेट या इंग्रज तज्ज्ञाने १९९० नंतरच्या दशकात तयार केलेले ‘टायडी’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. ते चुका दाखविते, शिवाय पान नीटनेटके करूनही देते. पण वैद्याने निदान करणे आणि निदान न सांगता परस्पर औषध पाजणे यांत फरक आहे. टायडी रिकाम्या वाटणाऱ्या खुणा काढून टाकते, आणि त्या खुणा एखाद्या विशेष कामासाठी ठेवलेल्या असल्या तर ते काम बंद पडते. म्हणून जुनी, अस्ताव्यस्त पाने प्रथमच हाती घ्यावयाची असतील तेव्हा टायडीचा उपयोग अवश्य करावा, पण मूळ प्रत बाजूला ठेवून, आणि केलेले बदल स्वतः पाहून.

तिसरी जात सुगम्यता तपासणाऱ्यांची. वेबएम या संस्थेचे ‘वेव्ह’ आणि डेक या कंपनीचे ‘अ‍ॅक्स’ ही यांतील परिचित नावे. चित्राला शब्दांत पर्याय दिला आहे का, अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक आहे का, रकान्याला नाव आहे का, असे प्रश्न ती विचारतात. ब्राउझरला जोडून ती चालविता येतात.

लहान संस्थेने काय निवडावे असे मला विचारले तर माझे उत्तर असे आहे : पहिल्या जातीतील एक आणि तिसऱ्या जातीतील एक, बस्स. तीन-चार साधने बसविणाऱ्याच्या हाती तीन-चार अहवाल येतात आणि त्यांतील एकही शेवटपर्यंत वाचला जात नाही. निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात. साधन एच.टी.एम.एल.च्या चालू नियमांशी परिचित आहे का? त्याची आज्ञावली अलीकडे सुधारली गेली आहे का? ते दोष सांगताना ओळ व स्थान सांगते का? आणि ते आपल्याच संगणकावर चालते का?

या शेवटच्या प्रश्नाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. दूरच्या यंत्रावर चालणारी तपासणी सेवा सोयीची असते. काहीही बसवावे लागत नाही. परंतु तिच्याकडे पान पाठवावे लागते, आणि आपल्या कितीतरी पानांवर सभासदांची नावे, पत्ते, घेतलेल्या पुस्तकांची यादी असते. असा मजकूर परक्या यंत्राकडे पाठविणे उचित नाही. शिवाय जोडणी तुटली की तपासणी थांबते, आणि गैरसोयीची तपासणी लवकरच टाळली जाते. म्हणून तपासनीस घरचाच असावा.

आता तो बसविण्याविषयी. ‘न्यू चेकर’ दोन रूपांत मिळतो. एका रूपात तो ‘व्ही.एन.यू.’ नावाची एकच फाइल असतो व ती चालविण्यासाठी संगणकावर ‘जावा’ असावे लागते. दुसऱ्या रूपात लागणारे सर्व सामान बरोबरच बांधून दिलेले असते. विंडोज, लिनक्स आणि मॅक यांसाठी अशी वेगवेगळी गाठोडी आहेत. जावाची ओळख नसलेल्यांनी दुसरे रूप घ्यावे. गाठोडे सोडून एका ठरावीक जागी ठेवावे आणि एका ओळीची आज्ञा देऊन पानाचे नाव सांगावे. उत्तर काहीच आले नाही तर व्याकरणाची चूक सापडलेली नाही, असे समजावे. एखाद्या फाइलीऐवजी सबंध कप्प्याचे नाव दिले तर आतील सर्व पाने एका दमात तपासली जातात. संस्थेत पाच-सात संगणक असतील तर आणखी एक सोय आहे. हाच तपासनीस एका संगणकावर सेवा म्हणून चालू ठेवता येतो, आणि बाकीचे त्याच्यापर्यंत आपापल्या ब्राउझरमधून पोहोचू शकतात. ज्यांना आज्ञा लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांना ही रीत मानवते.

टायडी घेताना एक सावधगिरी बाळगावी. काही संगणकांवर ते आधीपासूनच असते, पण पुष्कळदा ती जुनी आवृत्ती असते. नव्या एच.टी.एम.एल.ची ओळख असलेली पाचवी आवृत्ती २०१५ साली आली. त्याआधीची आवृत्ती आजच्या बिनचूक खुणांनाही अनोळखी म्हणून दोष देते. म्हणून कोणतेही साधन वापरण्यापूर्वी त्याला त्याची आवृत्ती विचारावी. एच.टी.एम.एल.चे नियम आता एकदाच ठरून थांबत नाहीत. त्यांत सतत भर पडत असते. गेल्या वर्षाचे पंचांग पाहून यंदाचा मुहूर्त काढता येत नाही, तद्वत जुन्या तपासनिसाचा निर्णय आजच्या पानाला लावता येत नाही. वर्षातून दोनदा तरी नवी आवृत्ती आली आहे काय ते पाहावे.

साधन बसविले म्हणजे लगेच त्यावर विश्वास ठेवू नये. दुकानदार नवा तराजू आणतो तेव्हा ठाऊक असलेले वजन त्यात टाकून पाहतो. आपणही तसेच करावे. एक लहानसे पान मुद्दाम चुका करून लिहावे : पानाला शीर्षक देऊ नये, एकच ओळखनाव दोन ठिकाणी घालावे, चित्राला शब्दपर्याय देऊ नये आणि एखादी खूण बंद करू नये. हे पान तपासनिसाला द्यावे. त्याने चारही दोष दाखविले तर तो नीट बसला आहे असे समजावे. तो गप्प राहिला तर आपण भलतीच फाइल तपासली आहे किंवा आज्ञा चुकली आहे. हे खोटे पान जपून ठेवावे. नवी आवृत्ती आली की पुन्हा त्याच्यावर परीक्षा घेता येते.

अहवाल वाचण्याचीही एक रीत आहे. प्रथमच तपासलेल्या पानावर साठ-सत्तर दोष आले म्हणून घाबरू नये. वरची एक खूण बंद करावयाची राहिली की खालच्या कितीतरी खुणा जागेवरून हलल्यासारख्या दिसतात. स्वेटर विणताना एक टाका सुटला की पुढची सारी वीण उसवावी तसा हा प्रकार आहे. म्हणून पहिला दोष दुरुस्त करावा आणि पान पुन्हा तपासावे. साठांचे दहा झालेले मी अनेकदा पाहिले आहेत. शिवाय बहुतेक पाने आता एका साच्यातून निघतात. दोष साच्यात असेल तर तो साच्यातच काढावा. प्रत्येक पानावर वेगळी डागडुजी करीत बसू नये. आणि तपासावयाचे ते साच्याचे लिखाण नव्हे, तर त्यातून निघालेले, वाचकाच्या हाती पडणारे पान. काही पानांचा मजकूर ब्राउझरमध्ये उघडल्यानंतर जावास्क्रिप्टच्या साहाय्याने तयार होतो. अशा पानांच्या बाबतीत उघडलेल्या पानाचे त्या क्षणीचे रूप उतरवून घेऊन ते तपासावे लागते.

आपल्या भाषांच्या संबंधात दोन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत. प्रत्येक पानाच्या आरंभी त्याची भाषा सांगणारी एक खूण असते. तिच्यावरून स्क्रीन रीडर कोणत्या आवाजात वाचावयाचे ते ठरवितो. इंग्रजी पानाचा साचा उचलून त्यात कन्नड किंवा मराठी मजकूर भरला आणि ही खूण बदलली नाही, तर इंग्रजी आवाज आपली अक्षरे वाचू लागतो किंवा त्यांच्यापुढे मुका होतो. आपल्या शहरात एकाच पानावर कन्नड, इंग्रजी आणि क्वचित मराठी वा तमिळही असते. तेव्हा सबंध पानाची भाषा आरंभी सांगून मधल्या परभाषिक परिच्छेदावर त्याच्या भाषेची वेगळी खूण करावी. ‘न्यू चेकर’ मजकुरावरून भाषेचा अंदाज बांधतो, आणि सांगितलेली भाषा त्याच्याशी जुळली नाही तर इशारा देतो. हा अंदाजच असतो हे मात्र विसरू नये.

दुसरी गोष्ट जुन्या फाँटांची. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांना युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान आहे. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे आपली पाने फाँटाच्या युक्तीवर चालली : आत इंग्रजी अक्षरांचे संकेत, वर देवनागरीचे कपडे. असे पान खुणांच्या व्याकरणात अगदी निर्दोष ठरू शकते, पण स्क्रीन रीडरला त्यात निरर्थक अक्षरांची रांग ऐकू येते, आणि शोधयंत्रालाही त्यात एक शब्द सापडत नाही. ज्या संस्थांकडे अशी जुनी पाने शिल्लक आहेत त्यांनी खुणा तपासण्यापूर्वी मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

या उदाहरणातून यंत्राची मर्यादाही स्पष्ट होते. व्याकरणशुद्ध वाक्य खोटे असू शकते. चित्राचा शब्दपर्याय म्हणून कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक लिहिला तर तपासनीस हरकत घेणार नाही. पर्याय आहे, एवढे त्याला पुरते. ‘येथे पाहा’ एवढेच लिहिलेले वीस दुवे एका पानावर असले तरी ते त्याला चालतात. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांतही या संदर्भात एक उद्बोधक बदल झाला आहे. २००८ सालच्या आवृत्तीत खुणा सुटता कामा नयेत, ओळखनावे दुहेरी असता कामा नयेत, असा एक स्वतंत्र निकष होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.२ या आवृत्तीतून तो वगळण्यात आला, कारण ब्राउझर आता बहुतेक चुका एकसारख्या सावरून घेतात आणि वाचक-साधने ब्राउझरच्याच आधाराने चालतात. यावरून व्याकरणाची तपासणी निरुपयोगी झाली असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. निकष गेला, पण रकान्याला नाव असले पाहिजे हा नियम कायम आहे, आणि दुहेरी ओळखनावाने नाव हरवते हेही तितकेच खरे आहे. बदलले आहे ते एवढेच की, शुद्ध खुणा हे आता साध्य राहिलेले नाही. वाचकाला काम पुरे करता येणे हे साध्य, आणि तपासनीस हे त्या वाटेवरचे पहिले पाऊल.

शेवटचे पाऊल माणसाचेच असते. एन.व्ही.डी.ए. हा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झाला. तो विनामूल्य आहे, विंडोजवर चालतो, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या आवाजांत मराठी व कन्नडही आहेत. तो बसवावा, पडदा बंद करावा, माउस बाजूला ठेवावा आणि केवळ कळफलकाच्या साहाय्याने आपला स्वतःचा अर्ज भरून पाहावा. पहिल्या दिवशी हे काम कोणालाही जमत नाही. त्या न जमण्यातील किती भाग आपल्या असरावाचा आणि किती भाग पानाच्या दोषाचा, हे हळूहळू कळू लागते. त्याहून उत्तम म्हणजे जो रोज असेच वाचतो अशा एखाद्या सभासदाला बोलावून त्याच्याकडून पान तपासून घ्यावे, आणि त्या कामाचा मोबदला त्याला द्यावा. ते काम कौशल्याचे आहे.

आता प्रत्यक्ष व्यवहाराविषयी एवढेच सांगून थांबतो. तपासणी ही सवडीने करावयाची गोष्ट ठरविली तर ती सवड कधीही मिळत नाही. म्हणून ती प्रसिद्धीच्या वाटेवरच बसवावी : तपासनिसाने पान सोडल्याखेरीज ते पुढे जाऊच नये अशी व्यवस्था करावी. ज्यांच्याकडे यासाठी यांत्रिक सोय नाही त्यांनी एक साधी वही ठेवावी. पानाचे नाव, तपासल्याची तारीख, राहिलेले दोष आणि तपासणाऱ्याची सही, एवढे चार स्तंभ पुरेत. राहिलेले दोष लिहून ठेवण्यात कमीपणा नाही; ते लपविण्यात आहे.

उद्या कामावर गेल्यावर सर्व पाने हाती घेऊ नका. ज्या पानावर वाचकाला काही भरावे लागते असे एकच पान निवडा : सभासदत्वाचा अर्ज, मुदतवाढीचा अर्ज, तक्रारीचा अर्ज. आधी ते तपासनिसाला द्या आणि पहिला दोष दुरुस्त करा. त्या विद्यार्थ्याने मला विचारलेला प्रश्न आपणांपैकी कोणाला विचारला गेला, तर ‘होय, वाचून पाहिले आहे’ असे आपणांस सांगता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.